राखणीची चाकांवरची खोली : हर्णै परिसरातल्या एका घरगुती कॅम्पर ट्रेलरचं प्रकरण

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा ताईच्या सासरच्या बागेतली राखणीची खोप पार भुईसपाट झाली. खोप म्हणजे काही मोठं बांधकाम नव्हे. चार मेढी, वर झापं, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, आत एक बाजलं. पण हापूसच्या बागेत फेब्रुवारी ते मे त्या खोपीवाचून भागत नाही. फळ धरायला लागल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत रात्री कुणीतरी बागेत झोपावं लागतं. ताईच्या बागा दोन आहेत, एक खाली खाडीकडे आणि एक वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मध्ये चार किलोमीटर डांबरी रस्ता. भाऊजी म्हणाले, "दर वर्षी दोन खोपी शाकारण्यापेक्षा एकच खोली चाकांवर का नको? हंगाम संपला की तीच घेऊन आम्ही दोघं केळशी, वेळास, गुहागर फिरू."

माझं दापोली तालुक्यात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, टेम्पोचे हौदे, टाक्यांचे स्टँड ही रोजची कामं. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा चाकांवरचा डबा, मी तोवर केला नव्हता, पण हौदा करणाऱ्याला ट्रेलर कठीण नाही असं मला वाटलं. डिसेंबर 2021 मध्ये काम सुरू केलं, फेब्रुवारी 2022 मध्ये डबा तयार झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचा मागचा डावा कोपरा बोटानं दाबला तर आत जात होता. तो पुन्हा बांधला. आज तो उभा आहे, कोरडा आहे. तो बघून तिघाचौघांनी "आम्हालाही असा करून द्या" म्हटलं. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी सुटतं, म्हणून सगळं प्रकरण इथे लिहून काढतोय.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना नजर कुठे ठेवायची ते कळेल. डबा कुजला तो हलक्या मालामुळे नाही. प्लाय चांगला होता, सुतारही चांगला होता. आम्ही त्यात हात पोचणार नाही अशा बंद पोकळ्या ठेवल्या, आणि कोकणात बंद पोकळी कोरडी राहत नाही.

पहिली बांधणी

नमुना आम्ही थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरचा घेतला. पुढून गोल, मागे उतरत गेलेला, आत दोघांपुरतं अंथरूण, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाची ओटी. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून लोक असे ट्रेलर घरच्या घरी करत आलेत. माप आठ बाय चार फूट. प्लायचा ताव तेवढाच असतो, त्यामुळे कापाकापी कमी आणि नासाडीही कमी.

चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, 50 बाय 50 च्या 3 मिमी चौकोनी नळीची. ही नळी मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरते. साधारण तेरा मीटर लागली, म्हणजे 55 किलो. ॲक्सल भंगारातून आणला, जुन्या छोट्या गाडीचा मागचा, पाट्यांच्या स्प्रिंगांसकट. टायर 145/70 आर 12. या टायरवर 69 हा आकडा असतो, त्याचा अर्थ एका टायरनं 325 किलो पेलावं, दोन्हींनी मिळून 650. हा आकडा बघितल्याशिवाय वरचं काही ठरवू नये.

भिंती 12 मिमीच्या. प्लाय आयएस 710 या भारतीय मानकाचा, म्हणजे ज्याला दुकानात मरीन म्हणतात तो. त्याचा चिकटा फिनॉलचा असतो आणि 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटू नयेत अशी त्याची कसोटी आहे. मी त्यावर विसंबलो, आणि इथेच माझी समजूत अपुरी पडली. ती कसोटी चिकट्याची आहे. चिकटा उकळत्या पाण्याला दाद देत नाही म्हणून मधलं लाकूड बुरशीला दाद देणार नाही असं नाही. सतत ओला राहिला तर मरीन प्लायही कुजतो, फक्त थर सुटायच्या आधी कुजतो.

भिंतीला आतून 25 मिमी फोम लावला आणि त्यावर 4 मिमीचा आतला प्लाय. छपराला तसंच. सगळ्या नकाशांत हेच होतं. आता मला दिसतं की ते नकाशे थंडीसाठी आहेत. बाहेर बर्फ आणि आत ऊब, तिथे भिंतीत फोम लागतोच. आमच्याकडे अडवायला थंडी आहेच कुठे? ऊन अडवायला आंब्याची सावली आहे. आम्ही दुसऱ्या मुलखाचं उत्तर आपल्या मुलखात आणून बसवलं आणि त्याबरोबर जवळपास दहा चौरस मीटर बंद पोकळीही आणली.

कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, खाली सिलिकॉन, वरून काळे जिप्सम स्क्रू. एकूण स्क्रू दोनशेच्या वर. खर्च सगळा धरून 78 हजार झाला.

उलार

वर्कशॉपपासून सड्यावरच्या बागेपर्यंत अकरा किलोमीटर. भाऊजींच्या जीपला हूक लावून निघालो. उताराला पंचेचाळीसच्या वेगावर डब्यानं शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडं, मग प्रत्येक झोक्याला जास्त, जीपचं बूडही हलायला लागलं. भाऊजींनी ब्रेक दाबला नाही, फक्त पाय उचलला, म्हणून वाचलो. पुढे वीसच्या वेगानं नेलं.

बागेत भाऊजींचे वडील उभे होते, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी हूक सोडला, डब्याचं तोंड, म्हणजे हुकाकडचं टोक, एका हातानं उचललं आणि म्हणाले, "गाडी उलार भरलीयेत तुम्ही." बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर वजन राहत नाही, ती उलार. आठवड्यानं भंगारवाल्याकडचा काटा आणून मी मोजलं. डावं चाक 192, उजवं 196, तोंड 22. एकूण 410 किलो. तोंडावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा. आमच्याकडे साडेपाचही टक्के नव्हता. मागची ओटी, पाण्याचे दोन कॅन, सिलिंडर, बॅटरी, सगळं ॲक्सलच्या मागे.

बॅटरी पंधरा किलोची, ती दोन मीटर पुढे नेली. तोंडावरचं वजन 22 चं 32 झालं. मग पाट्यांचे ब्रॅकेट कापून ॲक्सल 11 सेंटिमीटर मागे घेतला. 45 झालं, अकरा टक्के. ब्रॅकेट आधी नटबोल्टवर ठेवले असते तर हे काम तासाभराचं होतं. मी वेल्ड केले होते म्हणून दोन दिवस गेले. नवा ट्रेलर करणाऱ्यानं ॲक्सल सरकवता येईल असाच बसवावा, आणि आतलं सगळं सामान भरून, पाण्याचे कॅन भरून, मगच पक्का करावा.

कायदा

त्याच अकरा किलोमीटरमध्ये एका नाक्यावर पोलिसानं थांबवून विचारलं, "ह्याचा नंबर कुठे?" तो योग्य तेच विचारत होता. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे मोटारीनं ओढायचा ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीसाठी उत्पादकाकडचा मंजूर नमुना लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची चाचणी होते. घरी एकच डबा करणाऱ्याला ती वाट परवडत नाही. महाराष्ट्राचं 2021 चं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आहे, पण त्यानं घरगुती ट्रेलरला आपोआप नंबर मिळत नाही. काम सुरू करण्याआधी हे वाचायला हवं होतं. मी लोखंड कापायला आधी बसलो.

त्यानंतर तो ट्रेलर म्हणून रस्त्यावर आला नाही. बागेच्या आत, स्वतःच्या जमिनीत, चाकांवर फिरतो. दोन बागांमध्ये न्यायचा तर डबा चेसिसवरून सुटा होतो आणि पिकअपच्या हौद्यात माल म्हणून बांधून जातो. रिकामा, आत कुणीही न बसता. पहिल्या बांधणीत हे शक्यच नव्हतं, कारण डबा चेसिसला ठोकलेला होता. ती सोय दुसऱ्या बांधणीत केली, तिच्याबद्दल पुढे.

एक हंगाम आणि ताडपत्री

फेब्रुवारी ते मे 2022 डबा बागेत राहिला. भाऊजी आणि ताई आलटूनपालटून, कधी दोघंही झोपायची. ताईनं मार्चमध्येच सांगितलं होतं, "सकाळी छपराला आतून हात लावला की दमट लागतो रे." मी म्हटलं, दव असेल. दव बाहेरून पडतं, आत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घामातून अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत जातं. एवढ्याशा डब्यात, दोन छोट्या खिडक्या मच्छरांमुळे लावून घेतलेल्या. ते पाणी जाणार कुठे? आतल्या प्लायच्या फटीफटीतून फोमच्या मागे. पहाटे बाहेरचा प्लाय गार पडला की तिथे त्याचे थेंब होणार. हे नव्वद रात्री चाललं.

मेअखेर डबा घराशेजारी आणला आणि नव्या निळ्या ताडपत्रीत गच्च गुंडाळला. दोरीनं आवळला, खालूनही वेढा दिला. पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून इतकी काळजी घेतली. आणि आमच्या भागात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा दिवसच्या दिवस नव्वद टक्क्यांच्या वर ओली असते. आत अडकलेली ओल आतच राहिली, वरून उबदार अंधार.

दसऱ्यानंतर ताडपत्री सोडली. आधी वास आला, बंद घराच्या पोटमाळ्यावर येतो तसा, पण आंबूस. गादीवर हिरवी बुरशी. बाहेरून रंग ठीक दिसत होता. भाऊजींनी मागच्या डाव्या कोपऱ्याला टेकायला हात लावला आणि अंगठा आत गेला.

चिरून बघितलं

मी दोन दिवस फक्त उघडत गेलो, दुरुस्ती केली नाही. हे मी आता प्रत्येकाला सांगतो: कुजलेला भाग दिसला की लगेच ठिगळ लावायला बसू नका. पाणी कुठून आलं आणि कुठून गेलं नाही, हे आधी बघा.

सुताराकडून लाकडाची ओल मोजायचा मीटर आणला, दोन खिळ्यांचा. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला जोर धरता येत नाही. अठ्ठावीस-तीसच्या वर गेली की कुजायला लागतं. दरवाज्याच्या भिंतीत मधोमध 17 आलं. म्हणजे चांगलं. पट्टीखालच्या स्क्रूंच्या ओळीत 26, 29, 31. मागच्या कोपऱ्यात मीटर आकडाच दाखवेना.

ॲल्युमिनियमची पट्टी काढली. खालचं सिलिकॉन सलग होतं, पण बोटानं उचलताच दोरीसारखं निघून आलं, रंगाला धरलेलंच नव्हतं. स्वस्तातलं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसिटिक आम्लाचा. ते आम्ल लोखंडाला आणि जस्ताला खातं. स्क्रूंची डोकी मुठीत घेतली तर भुगा झाला, दांडे भोकात अडकले. आणि प्रत्येक भोकाभोवती प्लायमध्ये रुपयाएवढं काळं वर्तुळ. दोनशे स्क्रू म्हणजे दोनशे नळ झाले होते.

फोम ओढून काढला. फोमला पाणी लागत नाही, तो जसाच्या तसा होता. त्याच्या मागचा प्लाय मात्र बाहेरून कोरडा आणि आतून ओला. भिंतीच्या तळाशी फोम आणि फळीच्या मध्ये पाणी साचलेलं, दोन बोटं उंचीचं. कोपऱ्याकडे उतार होता, म्हणून सगळं तिथे गोळा झालं होतं. तळाच्या कडेला 12 मिमीचा प्लाय फुगून 15 झाला होता. प्लायची कड म्हणजे उघड्या नळ्यांची मोळी, ती पाणी वर ओढते. कडेला मी एक हात रंग फिरवला होता, बस.

चेसिसच्या नळ्यांची तोंडं मी उघडीच ठेवली होती. आत खारट चिखल आणि पोपडे. बाहेरून रेड ऑक्साइडचा रंग छान तकतकीत.

चाचा

हर्णै बंदरात फायबरच्या होड्या करणारे एक चाचा आहेत, वडिलांच्या ओळखीचे. त्यांचे वडील लाकडी होड्या बांधायचे, कलाफाती करायचे, म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवायचे. चाचांनी तारुण्यात फायबर शिकून घेतलं. मी त्यांना डबा बघायला बोलावलं तेव्हा मनात होतं की वरून फायबर चढवून घेऊ, म्हणजे काचतंतूंची मॅट रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या द्रवानं चिकटवून घेऊ, मग पाणी येणार नाही.

ते डब्याभोवती एक चक्कर मारून आत शिरले, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि विचारलं, "आतला हा दुसरा पत्रा कशाला लावला?" प्लायला ते पत्रा म्हणत होते. मी फोमचं सांगितलं. म्हणाले, "होडी आतून उघडी असते, बघितलीस? प्रत्येक वाक दिसतो, प्रत्येक सांध्याला हात लागतो. पाणी येणारच. येऊ नये म्हणून कितीही कर, येणार. आलेलं दिसलं पाहिजे आणि त्याला जायला भोक पाहिजे." त्यांनी शेजारच्या होडीच्या बुडाशी असलेलं बुच दाखवलं. होडी वर ओढली की आधी ते बुच काढतात.

मग ताडपत्रीबद्दल विचारलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. झापं पाऊस अडवतात, पण वारा त्यांतून फिरतो. आमच्या आजीच्या घराच्या पडवीलाही पावसाळ्याआधी झापंच लावत. मी हे लहानपणापासून बघतोय. पण ताडपत्री सोपी, धुवून घडी घालता येते, आणि तिच्यात वारा नाही याचा विचार मी कधी केला नव्हता.

दुसरी बांधणी

आतला प्लाय आणि फोम कायमचा काढून टाकला. कुजलेला मागचा भाग आणि तळ नवा केला. उरलेला सांगाडा उघडा, शेडखाली, पाच आठवडे वाळत ठेवला. चाचांची अट होती: मीटर सगळीकडे चौदाच्या खाली आल्याशिवाय रेझिनचा डबा उघडणार नाही. ओल्या लाकडावर फायबर चढवणं म्हणजे ती ओल आत चिणून टाकणं. डिसेंबरच्या मध्यावर आकडे आले.

आधी सगळ्या बाहेरच्या कडा अंगठ्याच्या गोलाईएवढ्या घासल्या. मॅट काटकोनात वळत नाही, उचलते आणि खाली हवा राहते. आतल्या कोपऱ्यांत रेझिनची पुट्टी भरून गोलाई दिली. तेवढ्यावर चाचा थांबले नाहीत. एका तुकड्यावर मॅट चढवून ठेवली, दुसऱ्या दिवशी पटाशी घालून उपसली. मॅटबरोबर लाकडाचे तंतू सोलून आले तेव्हा म्हणाले, "धरलंय, चल." लाकडाला इपॉक्सी रेझिन पॉलिस्टरपेक्षा घट्ट धरतं, हे खरं आहे. ते कितीतरी महागही आहे. आम्ही पॉलिस्टर वापरलं, पहिला हात पातळ करून लाकडात मुरू दिला आणि डबा कडेकडेनं सगळा गुंडाळला, तळासकट, म्हणजे उघडी कड कुठेच उरली नाही.

ज्यांना हे स्वतः करायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट ठामपणे सांगतो. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारा) आधी घालून नीट ढवळायचा, मग हार्डनर (घट्ट करणारा). कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्याही शेजारी ठेवू नयेत. आणि वाफेचा मास्क लावा, साधा रुमाल चालत नाही.

चाचा एका वेळी एकच किलो रेझिन करायचे, हार्डनर पंधरा मिलिलिटर. वीस मिनिटं हातात. मॅट कोरडी असते तेव्हा पांढरी, कापसाच्या वळकटीसारखी दिसते. ब्रशनं रेझिन पाजलं की ती हळूहळू काचेसारखी होते आणि खालच्या प्लायच्या रेघा दिसू लागतात. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा. दात्यांचा रोलर घेऊन ते मधून कडेकडे हवा ढकलत नेत, पापड लाटताना हात फिरतो तसा. ताई दिवसभर कात्रीनं मॅटचे तुकडे कापून देत होती. डब्याचा रंग तिथल्या तिथे बदलताना बघणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. दोन थर झाले. साधारण तेरा चौरस मीटरला बारा किलो मॅट आणि अठ्ठावीस किलो रेझिन लागलं. डब्यावर चाळीस किलो चढले, फोम आणि आतल्या प्लायचे साधारण पस्तीस उतरले. वजन जवळपास तेवढंच राहिलं. काट्यावर तोंड पुन्हा मोजलं, 46.

छपराला आता एकही स्क्रू नाही. जिथे लागतोच, म्हणजे बिजागरी, कडी, खिडकीची चौकट, तिथे आधी मोठं भोक पाडलं, ते रेझिनच्या पुट्टीनं भरलं आणि त्यात पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू घातला. पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. स्क्रू 316 स्टेनलेसचे, मुंबईहून मागवले. नेहमीच्या 304 ला समुद्राच्या हवेत चहासारखे डाग पडतात. सिलिकॉनच्या जागी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट.

आत भिंत उघडी. फक्त पातळ रंग. कपाट नाही, पेटी नाही, ताईनं शिवलेल्या कापडी पिशव्या खुंटीला. गादी काथ्याची, खाली फळ्यांची जाळी, मध्ये बोटभर फट. भिंतींत खाली दोन आणि वर दोन वाऱ्याची भोकं, बाहेरून पीव्हीसीचं उलटं बेंड, आतून स्टीलची बारीक जाळी. ती बंद करायची सोयच ठेवली नाही, नाहीतर मच्छर म्हणून कुणीतरी बंद करणारच. ओटीच्या तळाशी वेगळं भोक, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडर पाच किलोचा आणि शेगडी नेहमी बाहेर. तळाला मागच्या कोपऱ्याकडे बोटभर उतार दिला आणि तिथे होडीचं बुच बसवलं.

चेसिसच्या नळ्यांना दोन्ही तोंडांशी झाकणं वेल्ड केली आणि तळाला 8 मिमीची भोकं ठेवली. जस्ताचा इपॉक्सी प्रायमर दोन हात. डबा चेसिसवर आठ बोल्टांनी बसतो. काढायचा असला की डब्याखालून सात फुटी दोन नळ्या आडव्या सरकवायच्या, चार टोकांना चार जॅकचे पाय. नळ्या सात फुटी अशासाठी की पिकअप दोन पायांमधून मागे यावी. फाळकी पाडायची, पिकअप डब्याखाली घ्यायची, जॅक उतरवायचे. दोन माणसांना पाऊण तास लागतो. दुसऱ्या बांधणीचा खर्च 38 हजार, चाचांची मजुरी धरून. एकदाच नीट केलं असतं तर सगळं मिळून ऐंशीच्या आसपास झालं असतं.

आज

2023 पासूनचे हंगाम डबा दोन्ही बागांत आलटूनपालटून राहिला. नारळाखाली मात्र कधी उभा करत नाही. एक सुका नारळ किंवा झावळी वरून आली की फायबर फुटतं, आणि फुटलेलं दिसत नाही. पावसाळ्यात तो घराशेजारच्या शेडमध्ये चार पायांवर असतो, चारी बाजूंना झापं, झापं आणि डबा यांच्यात हातभर अंतर. दार आणि मागचं झाकण जाळी लावून किलकिलं. बुच काढून खुंटीला टांगलेलं. ताई दर पंधरा दिवसांनी मीटर लावते आणि दाराच्या आत पेन्सिलनं आकडा लिहिते. ऑगस्ट 2023 मध्ये सगळीकडे 18 ते 20 होतं, पुढच्या वर्षीही तेच.

एक जागा सोडून. मागच्या झाकणाच्या वरच्या बिजागरीशी 2024 च्या ऑगस्टात 23 आलं. बिजागरी ॲल्युमिनियमची लांब पट्टी आहे आणि तिच्या पोटात एक सलग नळी आहे, जिथे हात पोचत नाही. ती मी दुसऱ्या बांधणीतही तशीच ठेवली होती, कारण नवी होती आणि महाग होती. चाचा म्हणतात ती काढ आणि कन्व्हेयरच्या रबरी पट्ट्याचा तुकडा वरून लोंबता लाव, होडीवाले लावतात तसा. पट्टा आणून ठेवलाय. पाऊस गेला आणि तिथला आकडा चौदाच्या खाली आला की बिजागरी काढणार आहे.